किती वेळाने? : रोगप्रतिकारशक्तीच्या अतिरेकाचे चार मार्ग



रोगप्रतिकारशक्ती वाढवा, हा उपदेश गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा कानांवर पडला आहे की, ही शक्ती जितकी अधिक तितके आरोग्य अधिक, असा समज सर्वत्र दृढ झालेला दिसतो. वैद्यकशास्त्राचा शंभर-सव्वाशे वर्षांचा अनुभव मात्र निराळे सांगतो. जंतूंपासून शरीर राखणारी हीच व्यवस्था कधी निरुपद्रवी धुळीवर, कधी जीव वाचवणाऱ्या औषधावर, तर कधी स्वतःच्याच पेशींवर तुटून पडते, आणि मग कुंपणानेच शेत खावे तशी स्थिती होते. या अतिरेकी प्रतिसादाला शास्त्रात अतिसंवेदनशीलता म्हणतात, आणि तो प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

विषय प्रयोगशाळेतला वाटला, तरी त्याची उदाहरणे शोधण्यासाठी वाशीम जिल्ह्याबाहेर फारसे जावे लागत नाही. सोयाबीनची मळणी सुरू झाली की मळणीयंत्रामागे उडणारे कुटार, धुऱ्यावर आणि पडीक जागेत माजलेले गाजरगवत, रानातून गोळा केलेला बिबा, सर्पदंशानंतर ग्रामीण रुग्णालयात दिले जाणारे इंजेक्शन, आणि कुष्ठरोगाच्या रुग्णाला औषधोपचार चालू असतानाच अचानक येणारी सूज, या साऱ्यांच्या मुळाशी हाच अतिरेक आहे. तथापि या सर्वांना सरसकट ‘अॅलर्जी’ म्हटले जाते, सर्वांवर औषधाच्या दुकानातली तीच खाजेची गोळी दिली जाते, आणि ती निम्म्या प्रसंगी निरुपयोगी ठरते. असे का होते? कारण अतिरेकाचे मार्ग एकाहून अधिक आहेत, प्रत्येक मार्गावर शरीरातील वेगळे घटक काम करतात, आणि म्हणून प्रत्येकाचा उपायही वेगळा आहे. हे मार्ग ओळखायचे कसे? त्यासाठी महागड्या तपासणीआधी विचारायचा एक साधा प्रश्न आहे: त्रास किती वेळाने सुरू झाला?

हा प्रश्न ज्याने प्रथम गांभीर्याने विचारला, त्या वैद्याची ओळख येथे करून देणे आवश्यक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिएन्ना येथे क्लेमेन्स फॉन पिर्के हा तरुण बालरोगतज्ज्ञ बेला शिक या सहकाऱ्यासह मुलांच्या रुग्णालयात काम करीत होता. घटसर्पावर त्या काळी घोड्याच्या रक्तातून काढलेला रक्तद्रव टोचला जाई. घोड्याला घटसर्पाच्या विषाच्या वाढत्या मात्रा देऊन त्याच्या रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे विशिष्ट परक्या पदार्थाला नेमके चिकटणारी प्रथिने, तयार करून घेतली जात, आणि ती आजारी मुलाला दिली जात. मुले वाचत, परंतु त्यांपैकी काहींना इंजेक्शननंतर आठ ते बारा दिवसांनी ताप येई, अंगावर गांधी उठत, सांधे दुखत आणि गाठी सुजत. घोड्याचा रक्तद्रव मुळातच विषारी असेल, असे म्हणून हा प्रश्न सोडून देता आला असता. पिर्के यांनी दिवस मोजले. रक्तद्रव विषारी असता, तर त्रास पहिल्याच दिवशी व्हायला हवा होता. तो आठवडाभर का थांबला? आणि त्याच मुलाला पुन्हा रक्तद्रव दिला, तर त्रास आठवड्याऐवजी काही तासांत, कधी काही मिनिटांतच का उद्भवला? मधल्या दिवसांत शरीर त्या परक्या पदार्थाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, आणि पदार्थ व प्रतिपिंड यांच्या गाठीभेटीतून आजार निर्माण होतो. पदार्थ एकटा निर्दोष असतो. १९०५ साली त्यांनी आणि शिक यांनी या ‘सीरम आजारा’वर ग्रंथ प्रसिद्ध केला. संरक्षण आणि इजा ही एकाच क्रियेची दोन फळे आहेत, हा विचार त्या काळी किती धाडसी होता, याची कल्पना आज येणे कठीण आहे.

पुढील अर्धशतकात अशा प्रतिसादांची उदाहरणे इतकी साचली की त्यांची मांडणी करणे भाग पडले. ते काम फिलिप जेल आणि रॉबिन कूम्ब्स या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी केले. १९६३ साली त्यांनी मांडलेली चार प्रकारांची वर्गवारी वैद्यकाचे विद्यार्थी आजही शिकतात. पहिले तीन प्रकार प्रतिपिंडांमुळे घडतात आणि चौथा थेट पेशींमुळे.

पहिला प्रकार मिनिटांचा आहे. काही व्यक्तींच्या शरीरात एखाद्या पदार्थाविरुद्ध आयजीई नावाच्या वर्गातील प्रतिपिंडे तयार होतात. हा वर्ग किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने १९६६ साली प्रकाशात आणला. ही प्रतिपिंडे त्वचा, नाक, श्वासनलिका आणि आतडे यांच्या अस्तराजवळ असणाऱ्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात आणि वाट पाहतात. तोच पदार्थ पुन्हा आला की पेशी क्षणार्धात हिस्टामिन आणि इतर रसायने सोडतात. रक्तवाहिन्या सैल पडून पाझरतात, श्वासनलिका आवळतात, नाक वाहते, अंगावर पित्त उठते.

या प्रकाराचे एक उदाहरण वाशीमकरांनी विशेष लक्ष देऊन ऐकावे असे आहे, जरी ते घडले स्पेनमध्ये. १९८१ ते १९८७ या काळात बार्सिलोना शहरात दम्याचे २६ उद्रेक झाले. एखाद्या दिवशी अचानक मोठ्या संख्येने दमेकरी रुग्णालयात येत, काहींचा मृत्यू होई, आणि दुसऱ्या दिवशी सारे शांत होई. शोध घेता घेता संशोधक बंदराशी पोचले. ज्या दिवशी जहाजातून सोयाबीन उतरवले जाई, त्याच दिवशी हे घडत होते. रुग्णांच्या रक्तात सोयाबीनच्या धुळीविरुद्धची आयजीई प्रतिपिंडे सापडली, दोष दाण्याच्या टरफलातील प्रथिनांत असल्याचे दिसले, आणि धान्याच्या ज्या कोठारातून धूळ उडत होती त्यावर गाळण्या बसवल्यावर उद्रेक थांबले. बंदरावर उतरणाऱ्या सोयाबीनने एका महानगराचा श्वास कोंडला असेल, तर ज्या जिल्ह्याचे खरिपातील मुख्य पीकच सोयाबीन आहे, तेथे मळणीयंत्राच्या तोंडाशी उभे राहणाऱ्या मजुराचे आणि बाजार समितीत पोती रिकामी करणाऱ्या हमालाचे काय होत असेल? धुळीने येणारा प्रत्येक खोकला या प्रकारातला नसतो; बारीक कणांनी नुसता घसाही खवखवतो. परंतु जो मजूर मळणीजवळ गेला की पाव-अर्ध्या तासात शिंकू लागतो, ज्याच्या छातीतून घरघर ऐकू येते आणि जो दूर गेला की मोकळा होतो, त्याची तपासणी व्हायला हवी. जाड कापडाचा रुमाल नाकाला बांधून हे बारीक कण पुरेसे अडत नाहीत. चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क आणि वाऱ्याकडे पाठ करून उभे राहणे, हे त्याहून उपयोगी आहे.

याच प्रकाराचे टोकाचे रूप म्हणजे अॅनाफिलॅक्सिस. फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए यांनी १९०२ साली दाखवून दिले की समुद्रपुष्पाच्या विषाची पहिली मात्रा पचवलेला कुत्रा काही आठवड्यांनंतर दिलेल्या अगदी अल्प मात्रेने दगावतो; या कामासाठी रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मधमाशीचा दंश, पेनिसिलिन, शेंगदाणा, कोळंबी, कारण कोणतेही असो: तळहात-तळपाय खाजू लागतात, ओठ आणि घसा सुजतो, आवाज बसतो, रक्तदाब कोसळतो. येथे खाजेची गोळी देऊन वाट पाहणे जिवावर बेतते. मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत तत्काळ अॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन, हाच पहिला उपाय आहे, आणि रुग्णाला आडवे ठेवून पाय उंच करावेत. त्याला उठवून चालवणे घातक ठरू शकते.

दुसऱ्या प्रकारात प्रतिपिंडे शरीरातल्याच एखाद्या पेशीच्या पृष्ठभागाला चिकटतात आणि ती पेशी नष्ट होते. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्रातले आहे. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा रक्तगट नोंदवला, जो ए, बी किंवा ओ यांपैकी कशातच बसत नव्हता. जगभरात तो आज ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून ओळखला जातो. नेहमीच्या तपासणीत हे रक्त ओ गटाचे भासते. परंतु ओ गटाच्या तांबड्या पेशींवर असणारा एच हा घटकही या व्यक्तींच्या पेशींवर नसतो, आणि त्याविरुद्धची जोरकस प्रतिपिंडे त्यांच्या रक्तात असतात. त्यामुळे सर्वांना चालणारे म्हणून जे ओ रक्त मानले जाते, तेच त्यांना दिले तर दिलेल्या पेशी रक्तवाहिनीतच फुटू लागतात. म्हणून गट जुळला तरी रुग्णाचे आणि दात्याचे रक्त प्रत्यक्ष एकत्र करून पाहण्याची पायरी रक्तपेढीने कधीही गाळू नये. आरएच निगेटिव्ह मातेच्या पोटातील दुसऱ्या बाळाला होणारा रक्तक्षय आणि कावीळ याच प्रकारात मोडतात. पहिल्या बाळंतपणात बाळाचे रक्त मातेच्या रक्तात मिसळते, तिच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होतात आणि पुढच्या गर्भाला ती गाठतात. बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन दिले तर हे टळते. पेशींना चिकटलेली ही प्रतिपिंडे शोधणारी कसोटी कूम्ब्स यांनीच १९४५ साली सहकाऱ्यांसह सिद्ध केली, हे येथे नोंदवण्यासारखे आहे. रक्त चढवताना होणारी प्रतिक्रियाही मिनिटांतच सुरू होते, हे लक्षात घेतले म्हणजे वेळेचा प्रश्न पहिला असला तरी एकमेव नव्हे, हेही स्पष्ट होते.

तिसऱ्या प्रकाराकडे वळताना पुन्हा पिर्के यांच्या त्या मुलांकडे जावे लागते. येथे प्रतिपिंड पेशीवर बसत नाही; ते रक्तात फिरणाऱ्या परक्या प्रथिनाशी जोडले जाऊन त्यांचे बारीक पुंजके बनतात. हे पुंजके रक्तवाहिन्यांच्या भिंतींत, सांध्यांत आणि मूत्रपिंडाच्या गाळण्यांत अडकतात, आणि जेथे अडकतात तेथे दाह पेटतो. घटसर्पाचा तो रक्तद्रव आता क्वचितच लागतो. परंतु घोड्याच्या रक्तद्रवापासून केलेले एक औषध विदर्भाच्या शेतशिवारात आजही अपरिहार्य आहे. मुंबईत परळ येथे १८९९ साली प्लेगच्या संशोधनासाठी सुरू झालेल्या आणि १९२५ पासून हाफकिन संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रयोगशाळेने सर्पविषावरील प्रतिविष तयार करण्याची परंपरा जोपासली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारे हे इंजेक्शन पेरणीपासून काढणीपर्यंतच्या काळात किती जीव वाचवते, हे वाशीमच्या श्रोत्यांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

या इंजेक्शनाने दोन वेगवेगळ्या वेळी त्रास होऊ शकतो, आणि दोन्हींची गल्लत करू नये. पहिला त्रास इंजेक्शन चालू असताना किंवा त्यानंतर काही तासांत होतो. त्याचे रूप अॅनाफिलॅक्सिससारखेच असते, जरी तो बहुधा आयजीईमुळे घडत नाही. त्वचेत थोडे औषध टोचून आधी चाचणी घेण्याची जुनी पद्धत हा त्रास कोणाला होईल हे सांगू शकत नाही, उलट मोलाचा वेळ घालवते; अॅड्रेनॅलिन भरून हाताशी ठेवणे, हीच खरी तयारी होय. दुसरा त्रास पाच ते चौदा दिवसांनी होतो. तोवर रुग्ण घरी परतलेला असतो, घरच्यांनी सुटकेचा श्वास टाकलेला असतो, आणि अचानक ताप येतो, सांधे धरतात, अंगावर चकंदळे उठतात. सापाचे विष अंगात शिल्लक राहिले, अशी शंका घरात आणि गावात घेतली जाते, आणि मग रुग्ण मांत्रिकाकडे जातो. विष केव्हाच उतरलेले असते. जो प्रकार १९०५ साली व्हिएन्नात ओळखला गेला, तो आज एखाद्या शेतकऱ्याच्या घरी कोणी ओळखू नये, ही गोष्ट क्लेशकारक आहे, विशेषतः जेव्हा डिस्चार्ज कार्डावर लिहिलेली एक ओळ ती टाळू शकते: पंधरा दिवसांत ताप, सांधेदुखी वा पुरळ आल्यास परत यावे. उपचार साधा आहे. ताप-वेदनेच्या गोळ्या, आणि त्रास अधिक असल्यास काही दिवस स्टेरॉइड.

याच प्रकाराचे आणखी एक उदाहरण लहान मुलांत दिसते. खरूज खाजवून झालेल्या जखमांत स्ट्रेप्टोकोकस हे जंतू शिरतात, जखमा भरतात, आई निर्धास्त होते, आणि दोन-तीन आठवड्यांनी एका सकाळी मूल सुजलेल्या डोळ्यांनी उठते व त्याची लघवी चहाच्या रंगाची होते. जंतू आणि प्रतिपिंडे यांचे पुंजके तोवर मूत्रपिंडात पोचलेले असतात.

बुरशी धरलेल्या कुटाराचा त्रास मिनिटांचाही नसतो आणि दिवसांचाही. पावसात भिजलेले कुटार उपसल्यावर चार ते आठ तासांनी, म्हणजे सकाळी काम केले तर संध्याकाळी, थंडी वाजून ताप येतो, कोरडा खोकला लागतो, धाप लागते, आणि दुसऱ्या दिवशी उतार पडतो. हिवताप वा न्यूमोनिया समजून त्यावर औषधे दिली जातात. हा फुप्फुसाचा दाह आहे. त्यात तिसरा आणि चौथा, दोन्ही प्रकार मिसळलेले असतात, खाजेच्या गोळीचा त्यावर उपयोग नाही, आणि संपर्क वर्षानुवर्षे चालू राहिला तर फुप्फुसे कायमची घट्ट होतात.

चौथा प्रकार पेशींचा, आणि म्हणून सर्वांत संथ. रॉबर्ट कॉख यांनी १८९० साली क्षयजंतूंपासून ट्युबरक्युलिन हे द्रव्य काढले. क्षयाची लागण झालेल्याच्या त्वचेत ते टोचले की गाठ येते, पण ती यायला दोन दिवस लागतात. याच द्रव्याची माँटू चाचणी केल्यावर रुग्णाला ४८ ते ७२ तासांनी पुन्हा बोलावले जाते, ते याचसाठी. हा प्रतिसाद प्रतिपिंडांचा नसून पांढऱ्या पेशींचा आहे, हे कार्ल लँडस्टायनर आणि मेरिल चेस यांनी १९४० च्या दशकात सिद्ध केले: संवेदनशील प्राण्याचा रक्तद्रव दुसऱ्या प्राण्यात घातला तर काही घडत नाही, पेशी घातल्या तर घडते.

या प्रकाराची पाठशाळा म्हणजे बिबा. पश्चिम विदर्भात बिबे फोडून गोडंबी काढणाऱ्या स्त्रियांचे हात पाहिले, तर त्वचेवर काळे डाग, सोललेले पापुद्रे आणि जुने व्रण एकमेकांवर चढलेले दिसतात. काळ्या टरफलातील तेल मुळातच दाहक असल्याने थेट लागलेल्या जागी कोणाचीही त्वचा भाजते. तो भाग अतिसंवेदनशीलतेचा नव्हे. परंतु बिबा उतणे हे त्याहून वेगळे आहे. एकदा शरीराच्या पेशींनी ते तेल ओळखले की पुढच्या वेळी पुसटसा स्पर्श पुरतो, आणि एक-दोन दिवसांनी, जेथे तेल लागल्याचे आठवतही नाही तेथेही, पाणी भरलेले फोड येतात, तोंड सुजते, खाजेने रात्रीची झोप जाते. धोबी कपड्यांवर खूण करण्यासाठी हेच तेल वापरीत. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या परदेशी सैनिकांच्या मानेवर आणि कमरेवर, नेमक्या त्या खुणेच्या जागी, फोड येऊ लागले, तेव्हा लष्करी डॉक्टरांना कारण सापडायला काही काळ लागला. बिबा, आंबा आणि काजू एकाच कुळातले असल्याने ज्याला बिबा उततो, त्याला कैरीच्या देठाचा चीक आणि काजूच्या टरफलाचे तेलही बाधू शकते. मुरगळलेल्या पायाला वा भेगांना बिबा घालण्याची चाल अजून पुष्कळ घरांत आहे. एकदा उतलेल्या माणसावर तो प्रयोग पुन्हा कधीही करू नये. आणि ज्या स्त्रियांच्या श्रमावर गोडंबीचे लाडू होतात, त्यांना निदान जाड हातमोजे मिळावेत, ही अपेक्षा काही मोठी नाही.

गाजरगवताची कथा पुण्यात सुरू झाली. १९५० च्या दशकाच्या मध्यास ते तेथे प्रथम नजरेस आले, आयात धान्याबरोबर त्याचे बी आले असे मानले जाते, आणि दोन दशकांत पुण्यातील त्वचारोगतज्ज्ञांपुढे पापण्या, मान, कोपराची आणि गुडघ्याची लवण येथील चिवट इसबाचे रुग्ण मोठ्या संख्येने येऊ लागले. या वनस्पतीतील पार्थेनिन हे द्रव्य वाळलेल्या कणांबरोबर हवेतून उडते आणि उघड्या त्वचेवर, घामाच्या घड्यांत बसते. पावसाळ्यात गवत माजले की रोग वाढतो, हिवाळ्यात उतरतो, आणि काही वर्षांनी बाराही महिने राहतो. हे गवत फुलावर येण्यापूर्वी, ओल्या जमिनीतून, पूर्ण अंग झाकून उपटावे; आणि ज्याला एकदा इसब झाले आहे, त्याला या कामाला मुळीच लावू नये.

शेवटचे उदाहरण कुष्ठरोगाचे, आणि ते विदर्भात सांगितलेच पाहिजे, कारण दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये, अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये आणि त्यानंतर वरोऱ्याला बाबा आमटे यांनी उभे केलेले काम याच भूमीतले आहे. कुष्ठजंतू स्वतः फार सावकाश इजा करतो. नसा झपाट्याने निकामी होतात त्या शरीराच्या प्रतिसादामुळे. या प्रतिसादाला कुष्ठरोगात ‘रिअॅक्शन’ म्हणतात आणि तिचे दोन प्रकार मानतात. येथे क्रमांकांचा घोळ टाळावा: कुष्ठरोगातील टाइप एक रिअॅक्शन ही जेल-कूम्ब्स यांच्या वर्गवारीत चौथ्या प्रकारची आहे, तर टाइप दोन ही प्रामुख्याने तिसऱ्या. पहिलीत जुने चट्टे लाल होऊन सुजतात, नस दुखते, हाताची पकड सैल पडते किंवा पाऊल उचलेनासे होते. दुसरीत ताप येऊन अंगावर दुखऱ्या लाल गाठी उठतात. अनेकदा हे घडते ते बहुविध औषधोपचार चालू असताना, आणि रुग्णाची समजूत होते की गोळ्यांनीच रोग वाढवला. तो गोळ्या बंद करतो, आणि दोन्हीकडून नुकसान होते. कुष्ठरोगाच्या गोळ्या चालूच ठेवायच्या असतात आणि त्यांच्या जोडीला स्टेरॉइड द्यायचे असते. नसेची ताकद गेल्यापासून सहा महिन्यांच्या आत उपचार झाला, तर ती परत येण्याची आशा पुष्कळ असते, त्यानंतर ती झपाट्याने मावळते. रिअॅक्शन ही औषधांचा कोर्स पूर्ण झाल्यावरही, कधी काही वर्षांनी, येऊ शकते, कारण मेलेल्या जंतूंचे अवशेष शरीरात रेंगाळतात आणि पेशी त्यांना विसरत नाहीत. त्यामुळे ज्याचे नाव रोगमुक्त म्हणून नोंदवहीतून कमी झाले आहे, अशा माणसाचे पाऊल उद्या लटके पडले, तर त्याला वातविकार समजून तेल चोळत घरी ठेवू नये. त्याला त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे, आणि पूर्वी कुष्ठरोग झाला होता हे तेथील डॉक्टरांना संकोच न करता सांगावे.